बाळलोकर आणि चिंचोके : पट्टणकोडोली परिसरातील एका घोंगडीचे प्रकरण

मागणी एका ओळीची आहे. कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यातल्या एका मेंढपाळ कुटुंबाला आश्विनातल्या पट्टणकोडोलीच्या यात्रेआधी एक काळी घोंगडी हवी आहे. लोकर आपल्याच कळपातली, धागा हातचा, वीण खड्डामागावरची. बाजारातली तयार घोंगडी चालणार नाही, कारण ती आधी धनगरांच्या देवासमोर, बिरदेवासमोर अंथरायची आहे आणि पुढे घरातल्या लग्नात वधूवरांना तिच्यावरच बसवायचे आहे. कळपात ऐंशी जनावरे आहेत. त्यांतली पन्नास माडग्याळ किंवा माडग्याळ संकराची, उरलेली तीस दख्खनी.

हे कुटुंब मांडणीच्या सोयीसाठी धरले आहे, त्याला नाव-गाव नाही. अडचणी मात्र घोंगडी करू पाहणाऱ्या कुणालाही येतात त्याच आहेत, आणि त्या मागावर कमी, मागाच्या अलीकडे जास्त आहेत. घोंगडी टिकवायची म्हटले की सगळ्यांचे लक्ष विणकराकडे जाते. या प्रकरणात विणकराचे काम दोन दिवसांचे आहे. त्याआधीचे चार महिने मेंढरे, पाणी, कात्री, चरखा आणि चिंचोक्याची खळ (धाग्याला लावायची पेज) यांच्यात जातात. त्यातला एक दुवा तुटला की धनगराची घोंगडी होत नाही, नुसते एक जाड कापड होते.

लोकर कशाला लागते

पट्टणकोडोलीच्या श्री विठ्ठल-बिरदेव यात्रेत भंडाऱ्याने माणसे, रस्ते, देऊळ सगळे पिवळे होते, हे फोटोंत सगळ्यांनी पाहिलेले असते. भंडाऱ्याबरोबर खारीक आणि खोबरे उधळतात आणि बाळलोकरही उधळतात. बाळलोकर म्हणजे कोकरांच्या अंगावरची पहिली, मऊ लोकर. देवाचे मानकरी फरांडेबाबा सोलापूर जिल्ह्यातल्या अंजनगावहून चालत येतात, तलवार घेऊन हेडाम हा नाच खेळतात आणि भाकणूक सांगतात. ती भाकणूक पाऊसपाणी, पीक, रोगराई यांची असते. ती ऐकायला महाराष्ट्राबरोबर कर्नाटकातूनही कळपवाले येतात. सीमेपलीकडचे कुरुबा मेंढपाळ कंबळी विणतात, अलीकडे तिला घोंगडी म्हणतात. देव, मेंढरू आणि लोकर दोन्हीकडे तीच.

धनगराच्या घरात घोंगडीचे काम पांघरुणापुरते कधीच नव्हते. रानात ती खोळ करून डोक्यावरून घेतली की पाऊस अंगाला लागत नाही. रात्री तीच अंथरूण, आजारी कोकराला तीच ऊब. देवापुढे ती बैठक, लग्नात ती आसन. ढोलाच्या तालावर ओव्या म्हणायला बसणारी मंडळीही तिच्यावरच बसतात. यातला पावसाचा उपयोग प्लॅस्टिकच्या खोळीने आणि रेनकोटने संपवला, थंडीचा उपयोग पानिपतच्या स्वस्त ब्लँकेटने. उरला तो देवाचा आणि लग्नाचा. आजची मागणी जवळजवळ सगळी त्यावर उभी आहे, आणि आमच्या मते हीच मागणी सगळ्यांत भरवशाची. शहरी गिऱ्हाईक चांगली किंमत देते, पण दोन वर्षांनी त्याला दुसरे काही आवडते. बिरदेवाची यात्रा दर आश्विनात येतेच.

कळपाचा हिशेब

साधारण नऊ फूट लांब आणि चार फूट रुंद घोंगडीचे वजन सव्वादोन ते अडीच किलो भरते. कच्च्या लोकरीतला धुळीचा, काट्याकुसळांचा आणि तुटक केसांचा भाग काढला की तिसरा हिस्सा तरी जातो. म्हणजे कातरलेली लोकर साडेतीन किलो हवी. दख्खनी मेंढी वर्षाला अर्ध्या किलोच्या आसपास लोकर देते, तीही दोन कातरणींत मिळून. एका कातरणीला पाव किलो. साडेतीन किलोसाठी चौदा मेंढ्या लागतात.

कळपात दख्खनी तीस आहेत म्हणून हे सोपे वाटते. तसे ते नाही. घोंगडी काळी हवी आहे आणि ती रंगवायची नाही. तिसांत पांढरी, करडी, ठिपक्यांची जनावरे असतात. जुन्या मेंढ्यांच्या काळ्या लोकरीत पांढरे केस शिरलेले असतात. उन्हात फिरणाऱ्या मेंढीच्या लोकरीची टोके तांबूस होतात. हा दोष नाही, पिंजताना तो रंग आत मिसळून जातो, पण नुसत्या तांबूस टोकांचीच लोकर कातायला केलेल्या एका पेळूत आली तर विणीत पट्टा दिसतो. निवड करता करता कामाच्या मेंढ्या पंधरा-सोळा उरतात. एकदोन आजारी पडल्या, एखादी विकली गेली की हिशेब काठावर येतो.

उरलेल्या पन्नास माडग्याळांचा या कामाला काही उपयोग नाही. सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यातल्या माडग्याळ गावाचे नाव घेतलेली ही मेंढी उंच, बाकदार नाकाची, पांढऱ्यावर तपकिरी ठिपक्यांची असते. कोकरू झपाट्याने वाढते, बाजारात भाव चांगला मिळतो. अंगावर कातरण्याजोगी लोकर जवळजवळ नसते. मेंढपाळाच्या दृष्टीने हा दोष नाही, सोय आहे. दख्खनीची लोकर विकून कातरणाऱ्याची मजुरीसुद्धा निघत नाही, आणि न कातरावे तर मेंढरू उन्हाने आणि गोचिडांनी हैराण होते. त्यामुळे कातरणी हा खर्च झाला आणि लोकर बांधाला टाकून द्यायची वस्तू. कळपाचे पोट भरते ते मांसाच्या विक्रीवर आणि उसाच्या किंवा मोकळ्या रानात खतासाठी मेंढरे बसवण्याच्या पैशांवर. त्यात लोकरीचा वाटा शून्य धरला तरी चालतो.

तेव्हा मेंढपाळाला दोष देऊन उपयोग नाही. पण एक गोष्ट त्यालाही सांगायला हवी: बाळलोकर माडग्याळाच्या कोकरावर मिळत नाही. सगळा कळप माडग्याळ झाला तर यात्रेत उधळायची लोकर विकत आणावी लागेल.

दख्खनीचे लोणंद, संगमनेरी, सोलापुरी आणि कोल्हापुरी असे चार प्रकार पशुवैज्ञानिक नोंदवतात. म्हणजे या जिल्ह्याच्या नावाची मेंढी आहे. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे २७ लाख मेंढ्या मोजल्या गेल्या. हा आकडा ऐकून लोकर भरपूर असेल असे वाटते. पण डोकी मोजून लोकर कळत नाही, जात पाहावी लागते.

दिवस मागे मोजायचे

यात्रा आश्विनात म्हणून काम श्रावणात धरले तर घोंगडी होणार नाही. कारण खळ. ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, लावलेली चिंचोक्याची खळ कडक उन्हात वाळावी लागते आणि कोल्हापूरच्या पावसात ते अशक्य आहे. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. शिरोळ-हातकणंगल्याकडे तो फारच कमी, म्हणून मेंढरे पूर्वेकडे. पण आषाढ-श्रावणातली झड तिकडेही दिवसचे दिवस ऊन पडू देत नाही. ओली खळ दुसऱ्या दिवशी आंबते, तिसऱ्या दिवशी ताण्यावर बुरशीचे ठिपके येतात. असा ताणा धुऊन पुन्हा खळ लावता येते, पण धागा एकदा फुगला-आकसला की त्याचा पीळ सैल होतो आणि मागावर तो तुटतच राहतो.

मृगाच्या आधी घोंगडी मागावरून उतरली पाहिजे, असे धरून मागे मोजू. विणकाम मेच्या शेवटच्या आठवड्यात. ताणा आणि खळ त्याच्या आधीच्या आठवड्यात. सूतकताई एप्रिल ते मेचा मध्य. पिंजणे एप्रिलच्या सुरुवातीला. म्हणजे कातरणी फेब्रुवारी-मार्चची धरायची. वर्षातली दुसरी कातरणी पाऊस सरताना येते, ती या यात्रेला उपयोगाची नाही. ती लोकर पुढच्या वर्षासाठी ठेवता येते. यंदाची मागणी मेमध्ये आली असेल तर प्रामाणिक विणकर पुढच्या आश्विनाचा वायदा देतो. जो भाद्रपदात मागणी घेऊन पंधरा दिवसांत काळीभोर घोंगडी हातात ठेवतो, त्याने ताणा कशाचा वापरला हे विचारावे.

धुणे आणि कातरणे

कातरणीच्या आदल्या दिवशी मेंढ्या वाहत्या पाण्यात धुतात. साठलेल्या पाण्यात धुतल्या तर पहिल्या दहा मेंढ्यांचा चिखल पुढच्यांच्या अंगावर बसतो. साबण किंवा कपड्यांची पावडर लावू नये. लोकरीचा स्वतःचा मेणासारखा ओशटपणा असतो. तो गेला की केस कोरडा आणि ठिसूळ होतो, कातताना झडतो, आणि झालेली घोंगडी पाणी धरते. धुतलेली मेंढी धुळीच्या वाड्यात न कोंडता कापलेल्या शेतात किंवा गवतावर उभी करायची. अंगावर हात घालून मुळाशी ओल लागत असेल तर कातरणी एक दिवस पुढे ढकलावी. ओली लोकर पोत्यात भरली की आतून तापते आणि चार दिवसांत कुबट वास येतो. तो वास पुढे जात नाही.

कातरणारा मेंढीचे पाय बांधून तिला आडवी करतो आणि लांब पात्यांच्या कात्रीने पोटाकडून पाठीकडे जातो. चांगल्या हाताची खूण म्हणजे लोकर सलग गालिच्यासारखी सुटते. नवखा माणूस उंचावर कात्री चालवतो, मग राहिलेले खुंट काढायला त्याच जागी परत फिरवतो. त्या दुसऱ्या फेऱ्यात निघालेले अर्ध्या इंचाचे तुकडे चांगल्या लोकरीत मिसळतात आणि सगळी कताई बिघडवतात. दख्खनीच्या सहा महिन्यांच्या लोकरीची लांबी मुळात दीड-दोन इंच. तिचे दोन तुकडे करणे परवडत नाही. पहिला फेरा झाला की ती लोकर उचलून बाजूला ठेवावी, दुसऱ्या फेऱ्याची वेगळ्या पोत्यात टाकावी. पोटाची आणि पायांची लोकरही वेगळी. ती राठ आणि काटेरी असते.

कातरणीच्या दिवशी कातरबोण्याचा नैवेद्य होतो, चार कळपांची माणसे एकत्र येतात, जेवणे होतात. लोकरीला भाव नसल्यामुळे हे एकत्र येणेही कमी होत चालले आहे. घरचीच दोन माणसे गुपचूप कातरून मोकळी होतात. कातरायला शिकायची जागा हीच होती, कारण पोरे मोठ्यांच्या शेजारी बसून कात्री धरायची. चांगले कातरणारे हात कमी का झाले याचे उत्तर बरेचसे इथे आहे.

पिंजणे आणि कातणे

गोखरू, कुसळे, लेंड्यांचे कण हाताने वेचून काढायचे. कंटाळवाणे काम, पण एक गोखरू राहिला तर तो विणताना आडवा धागा ठोकून बसवणाऱ्या फणीत अडकतो आणि चार धागे तोडतो. मग कमानीच्या तातेवर लोकर पिंजायची. पाच-सहा मेंढ्यांची लोकर नीट मिसळायची ती याच वेळी, म्हणजे तांबूस आणि गडद काळी यांचा एकच रंग होतो. गादी कारखान्यातल्या कापूस पिंजायच्या यंत्रात ही लोकर घालण्याचा मोह होतो. ओशट लोकर त्या यंत्राच्या रुळाला गुंडाळते, चालवणारा वैतागतो आणि बाहेर येते ती तुटलेली. लोकरीसाठी बनवलेले पिंजण यंत्र मिळत असेल तर ते वापरायला हरकत नाही. त्याने घोंगडीचे काही बिघडत नाही आणि आठवडाभराचे श्रम वाचतात. हाताने पिंजलेलीच खरी, असा हट्ट धरणारे बहुधा स्वतः पिंजत नसतात.

कताई बायकांची. पेळू करून चरख्यावर एकेरी धागा काढतात. इथे आकडा पाहण्यासारखा आहे. इंचाला दहा धागे धरले तर चार फूट रुंदीला ४८० धाग्यांचा ताणा लागतो. प्रत्येक धागा दशा (टोकाचे मोकळे धागे) आणि मागावर वाया जाणारा भाग धरून साडेदहा फूट. हा झाला दीड किलोमीटर. आडव्या बाजूला इंचाला दहाच धरले तरी नऊ फुटांत १,०८० फेरे, प्रत्येक चार फुटांचा, म्हणजे आणखी सव्वा किलोमीटरच्या वर. एका घोंगडीत पावणेतीन किलोमीटरच्या वर धागा आहे, आणि तो सगळा घरकाम, जनावरे, शेतमजुरी यांच्यामधल्या वेळात निघतो.

ताण्याचा धागा जास्त पिळाचा, बाण्याचा म्हणजे आडवा धागा सैल. ताण्याला पीळ कमी पडला तर तो वहीतून (धागे वर-खाली करणाऱ्या मागाच्या चौकटीतून) ये-जा करताना सुटतो. जास्त झाला तर मोकळा सोडल्यावर स्वतःभोवती आटे घेतो आणि फणीत भरता येत नाही. तपासायची रीत सोपी: हातभर धागा दुहेरी करून सैल सोडावा. तीनचार वेढे घेऊन थांबला तर ताण्याला बरा. दोरीसारखा वळत गेला तर पीळ जास्त. वेढाच घेत नसेल तर तो बाण्यासाठी ठेवावा.

दोन बायकांचा धागा कधी सारखा नसतो. ताण्यात तो मिसळून जातो. बाण्यात आधी एकीचा सगळा आणि मग दुसरीचा असा वापरला तर घोंगडीच्या मध्यावर रेघ मारल्यासारखा फरक दिसतो. जाणता विणकर दोघींच्या कांड्या आलटून पालटून घेतो.

या साखळीत आज सगळ्यांत कमी उरलेली माणसे कातणाऱ्या बायका आहेत. विणकराचे नाव निदान कुणीतरी घेते, त्याचा सत्कार होतो, फोटो येतो. कातणारीला धाग्याच्या वजनावर मजुरी मिळते, आणि ती दिवसाच्या खुरपणीच्या मजुरीच्या जवळपासही जात नाही. घोंगडीच्या किमतीतला मोठा वाटा कताईला गेला पाहिजे, हे आम्ही ठामपणे म्हणतो. विणकराच्या दोन दिवसांशी तुलना करून पाहा.

खळ

खळ जमली की घोंगडी जमली. दख्खनी लोकर आखूड, जाड आणि राठ. तिचे केस धाग्यात नीट बसत नाहीत, बाहेर उभे राहतात. असे दोन धागे शेजारी आले की त्यांचे केस एकमेकांत अडकतात, ताणा उघडत नाही आणि आडवा धागा नेणारा धोटा मध्येच थांबतो. गिरणीत ही लोकर चालत नाही त्याचे कारणही हाच आखूड, बिनलवचीक केस. यंत्राच्या ओढीला धागा तुटतो. हातमागावर तिला चालवते ती खळ.

चिंचोके मंद आचेवर भाजायचे, म्हणजे वरचे तपकिरी टरफल तडकते. कुटून टरफल काढायचे. टरफल राहिले तर खळीत खर येते आणि पांढऱ्या काठावर डाग पडतात. आतले पांढरे दाणे रात्रभर भिजवून वाटायचे आणि पाण्यात शिजवायचे. सव्वा किलोच्या ताण्याला पाव किलोच्या वर सोललेले चिंचोके पुरतात. शिजवताना ढवळणे थांबवायचे नाही. तळाला लागलेली खळ गाळली तरी तिचे कण जात नाहीत, आणि एक कडक कण वहीत धागा कापतो. बोटांत धरून ओढल्यावर बारीक तार सुटली की खळ झाली. मग फडक्यातून गाळून कोमट असतानाच वापरायची.

ताणा मोकळ्या जागेत खुंट्यांवर ताणून धरतात, मध्ये काठ्या घालून धाग्यांची फुली राखतात. फुली मोडली तर ४८० धाग्यांचा क्रम गेला, मग तो ताणा वाचवण्यापेक्षा सोडून देणे स्वस्त. खळ कुंच्याने एकाच दिशेने ओढायची, वरून आणि खालून. उलटसुलट फिरवली तर बसलेले केस परत उभे राहतात. अर्धवट सुकत आल्यावर काठ्या पुढे सरकवून चिकटलेले धागे सुटे करायचे. हे पाच-दहा मिनिटे उशिरा केले तर धागे एकमेकांना धरून बसतात आणि सोडवताना सोलतात. सकाळी आठला सुरू केलेले काम दुपारी ऊन तापायच्या वेळी संपते आणि संध्याकाळपर्यंत ताणा खणखणीत वाळतो.

दाट खळ लागली तर वाळल्यावर ताणा काडीसारखा मोडतो आणि मागाखाली पांढरट भुगा पडतो. पातळ लागली तर केस बसतच नाहीत. भुगा दिसला तर पाण्याचा हलका शिडकावा करून भागते. केस उभे असतील तर दुसरा हात द्यावा लागतो. खळ लावलेला ताणा रात्री उघडा टाकू नये. उंदरांना आणि मुंग्यांना चिंचोके आपल्याइतकेच कळतात.

कोणत्याही प्रशिक्षण वर्गात हे शिकवले जात असेल तर तो वर्ग खरा. बहुतेक ठिकाणी शिकणाऱ्यासमोर तयार ताणा असलेला माग येतो आणि त्याला धोटा फेकायला सांगतात. धोटा फेकणे आठवड्यात येते. इचलकरंजीच्या यंत्रमागावर काम केलेल्या माणसाला तर एका दुपारी येईल. पण त्याला खळ लावता येत नाही, म्हणून तो घोंगडी विणू शकत नाही.

मागावर

सनगराचा, म्हणजे घोंगडी विणणाऱ्याचा, खड्डामाग जमिनीलगत असतो. विणकर काठावर बसतो, पाय दोनअडीच फूट खड्ड्यात, पायाने दाबायच्या पावड्यांवर. मे महिन्यात या खड्ड्याचा दुसरा उपयोग कळतो: त्यात पाणी शिंपडले की ताण्याखाली ओलावा राहतो आणि खळ तडकत नाही. तरीही जाणकार पहाटे बसतो आणि ऊन चढले की थांबतो. वीण साधी, एक धागा वर एक खाली. काठाला पांढऱ्या लोकरीच्या दोनतीन रेघा. फणीचा ठोका सगळीकडे सारखा हवा. दमलेल्या हाताची वीण सैल पडते आणि ती शेवटच्या दोन फुटांत हमखास सापडते.

लांबी नऊ फूट हवी असेल तर साडेनऊ विणावी, धुतल्यावर ती आकसते. उतरवल्यावर दशा पिळून गाठी मारायच्या, थंड पाण्यात भिजवून पायांनी तुडवायची, जमिनीवर चारी बाजूंनी ताणून सावलीत वाळवायची. तुडवण्याने खळ निघते आणि केस एकमेकांत बसून वीण भरते. गरम पाणी किंवा वॉशिंग मशीन वापरले तर ती इतकी आवळते की नऊ फुटांची सात होते.

आडवाटा

वेळ आणि लोकर कमी पडली की तीन आडवाटा दिसतात. पहिली म्हणजे सुती ताणा आणि लोकरीचा बाणा. खळीचे काम वाचते, माग झपाट्याने चालतो. पण सूत आणि लोकर पाण्यात वेगवेगळी आकसतात, दोन धुण्यांत घोंगडीला फुगवटे येतात. दुसरी म्हणजे अॅक्रिलिक मिसळलेला गिरणीचा धागा. तिसरी म्हणजे पांढरी-करडी लोकर काळी रंगवणे. रंग पक्का नसेल तर भंडारा पडून घाम लागला की अंगरख्यावर उतरतो.

ओळखायचे असेल तर दशीतला एक धागा जाळून पाहावा. लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि बोटांत चुरडणारी राख राहते. अॅक्रिलिक वितळून कडक मणी होतो. सूत कागदासारखे जळते. ताण्याचा आणि बाण्याचा धागा वेगवेगळा जाळावा. फसवणूक बहुधा ताण्यात असते.

आम्ही या आडवाटांना सरसकट वाईट म्हणणार नाही. शहरात विकायच्या उशीच्या अभ्र्याला सुती ताणा लावला म्हणून कुणाचे नुकसान नाही, माग चालू राहतो. पण त्याला धनगरांची संस्कृती वाचवणे म्हणू नये. परदेशी मऊ लोकर आणून खड्डामागावर विणलेली शाल सुंदर असेल, तिने दख्खनी मेंढी राखायचे कारण मात्र उरत नाही, आणि मेंढी गेली की कातरबोणे, बाळलोकर, कताई सगळे एकदमच जाते.

या कळपाने काय करावे

कुटुंबाने पन्नास माडग्याळ विकाव्यात असे कुणी सांगणार नाही, सांगितले तरी ते ऐकणार नाहीत. तिसांतल्या निवडक काळ्या मेंढ्या वीसपर्यंत न्यायच्या आणि त्यांच्यासाठी एक काळा दख्खनी मेंढा वेगळा ठेवायचा, एवढेच पुरे. माजाच्या मोसमात माडग्याळ मेंढा त्यांच्यात जाऊ द्यायचा नाही, हे म्हणायला सोपे आणि करायला अवघड आहे, कारण तळ एकच असतो. मेंढ्याच्या पोटाखाली फडके बांधणे ही जुनी युक्ती अजून कामाची. दर दोन वर्षांनी मेंढा दुसऱ्या कळपाशी बदलायचा. पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाचे प्रक्षेत्र सांगली जिल्ह्यात रांजणीला आहे, जातिवंत नरांसाठी तिथे चौकशी करता येते.

वीस मेंढ्यांची वर्षाची लोकर दहा किलोच्या आसपास. त्यात दोन घोंगड्या होऊन थोडी उरते. एक घरची, दुसरी ज्याच्या कळपात आता लोकर नाही अशा भाऊबंदाची. त्याच्याकडून पैसे घ्यायला संकोच वाटत असेल तर कातणारीची आणि विणकराची मजुरी त्याने थेट द्यावी. चार-पाच कळपांनी मिळून एकाच विणकराकडे आणि त्याच दोन-तीन कातणाऱ्यांकडे दरवर्षी काम दिले तर त्यांना फेब्रुवारीतच कळते की मेपर्यंत हाताला काम आहे. आत्ता त्यांना ते कळत नाही, आणि म्हणून चरखा माळ्यावर जातो.

यात्रेहून आलेली घोंगडी लगेच धुऊ नये. झटकून भंडारा काढावा, दोन तास उन्हात टाकावी, कडुनिंबाचा पाला घालून घडी करावी. बंद पेटीत वर्षभर ठेवली तर कसर लागते. दर दोन महिन्यांनी उलगडून ऊन दाखवावे. ताण्यातून उरलेला शंभर-दीडशे ग्रॅम धागा त्याच घडीत ठेवावा, कारण रफू करायची वेळ आली की तोच काळा रंग दुसऱ्या कळपात मिळत नाही.